पहिली पंगत

आमच्या गावच्या सप्त्यात शेवटच्या दिवशी सगळं गाव एकत्र जेवतं, आणि त्या जेवणात आमटीची बादली माझ्याकडं असते. असते म्हणजे, चाळीस वर्षं होती. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं आणि बारकी लेकरं बसतात, मग पाहुणे, मग बाकीचं गाव, आणि सगळ्यात शेवटी आम्ही वाढपी. भात कुणीही वाढतो. बुंदी वाढायला तर काय, गोड वाढणाऱ्यावर कुणी रागावत नाही. आमटीला मात्र माणूस लागतो. येसराचा मसाला घातलेली, लाल तरी आलेली उकळती आमटी, एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हातात वगराळं, आणि दोन ओळींच्या मधून वाकून पळायचं.

मला त्याचा गर्व होता, उगीच लपवत नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या हाताकडं बघून मी त्याचं पोट ओळखायचो. पत्रावळीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटं फाकलेली असली की माणूस लाजतोय, त्याला वाढायचं. पंजा पत्रावळीला टेकला की खरंच बास, पुढं चालायचं. पुतण्याला वाढायला शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच दिला होता.

गेल्या वर्षी घोटाळा झाला. कीर्तनकार महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर अर्धं वगराळं आमटी गेली. माझं म्हणणं, महाराजांनी गुडघा मध्ये घातला. गावाचं म्हणणं, तात्याचा हात कापतो. हात कापायचा, हे खरंच होतं. सकाळी चहाची कपबशी वाजायची तेव्हा मी बशीला नावं ठेवायचो.

यंदा मी टोपीबिपी घालून, बाह्या वर करून बादलीला हात घातला, तर पुतण्यानं कडी आधीच धरलेली.

“तात्या, औंदा तुमी बसा पंगतीत. बादली म्या घेतो.”

“का रं? मेलो का म्या?”

“तसं न्हाय वो तात्या. पहिल्या पंगतीला बसा. निवांत जेवा.”

पहिल्या पंगतीला! एवढ्या माणसांत त्यानं मला म्हातारा ठरवून टाकलं. केस पिकले, चष्मा लागला, एसटीत अर्धं तिकीट झालं, ते सगळं मी मुकाट्यानं घेतलं होतं. बादली गेली तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. भांडायलाही तोंड नव्हतं, कारण पलीकडं तेच महाराज मांडीवर जाड टॉवेल पसरून बघत होते.

बसलो जाऊन. मंडपात म्हाताऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर असतात, एकीत बाप्ये, दुसरीत बाया. ढोकीला कारखान्यात नोकरी करून गावी परतलेले एक जण शेजारी होते. त्यांनी मोठ्या प्रेमानं जागा दिली. “या, या. लई उशीर केलाव,” म्हणाले. मी तोंड फुगवून समोरच्या पत्रावळीकडं बघत राहिलो. भात आला, भाजी आली, बुंदी आली. मग आमटी आली. पुतण्या माझ्यापुढं वाकला आणि मला असा काही राग चढला की मी पंजा पत्रावळीवर सपाट टेकवला.

“नको.”

त्यानं एकदा हाताकडं बघितलं आणि पुढं गेला.

पुढं गेला! मला वाटलं होतं, तो आग्रह करील, पाया पडील, ‘तात्या, चुकलो’ म्हणंल. पण मीच शिकवलेला गडी, कशाला थांबतोय? आता दोन्ही ओळी भुरके मारायला लागल्या आणि माझ्यापुढं कोरडा भात. एक घास घेतला, तो टाळूलाच चिकटला. शेजारचे गृहस्थ तर अशी आमटी ओरपत होते की त्यांचा द्रोण हिसकावून घ्यावासा वाटत होता.

वास्तविक नुसती हाक मारायची होती. पण पंगतीत हाका मारणाऱ्यांना मी जन्मभर हावरट म्हणत आलो. मागायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. भाताकडं बघितलं, बादलीकडं बघितलं. ती पार टोकाला पोचली होती. शेवटी लाज सोडली.

“अय, आमटी!”

आवाज जरा जास्तच मोठा निघाला. सगळा मंडप वळून बघायला लागला. पुतण्या पळत आला, आणि त्यानं वगराळं तळातून ढवळून, घट्ट घट्ट, वर तरी सोडून वाढलं. हात एकदम स्थिर होता त्याचा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पहिला भुरका मारला आणि कानातून धूर निघाला. चाळीस वर्षं मी ही आमटी शेवटी, गार झाल्यावर, वर साय धरलेली खात आलो होतो. गरम असताना ती अशी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. नाक गळायला लागलं, ठसका लागला, पण हात काही थांबेना.

समोरच्या ओळीतून हसण्याचा आवाज आला. बघतो तर आमची ही. तिनं आपला पाण्याचा पेला पुढं सरकवला.

“सावकाश. कुणी न्हेत न्हाय,” ती म्हणाली.

“अगं, इतकी चांगली असती व्हय ही?”

“मला तीन सालं झाली कळून.”

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पण गुडघे दुखायला लागले तसं तिनं सप्त्याच्या चुलीपुढं चपात्या लाटणं सोडलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यानंतर ती कुठं बसते, हे मी कधी विचारलं नव्हतं; वाढताना मी हातांकडंच बघायचो, तोंडाकडं नाही.

“तीन सालं म्या हितं एकलीच बसतीय,” तिनं मान खाली घालून भात कालवत सांगितलं. “तुमी बादली घिऊन म्होरून जाता. म्हणलं, दमले की येतील.”

माझा हात थांबला. म्हातारपण माझ्या एकट्यावर कोसळल्यासारखा मी मघापासून रुसून बसलो होतो. ही तर माझ्या आधी इथं येऊन बसली होती, गुपचूप, कुरकुर न करता. मी मात्र तिच्या पुढून पळत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

भरल्या पंगतीतून उठू नये, अशी आमच्याकडं रीत आहे. मी उठलो. पत्रावळी दोन्ही हातांनी धरून, द्रोण सांभाळत, बायांच्या ओळीकडं निघालो. मंडपात हशा पिकला.

“सरक जरा,” मी तिला म्हणालो.

ती सरकली.