आधी पाणी माग

माझी आत्या तहान नसतानाही पाणी मागायची. कुणाच्याही दारात उभी राहिली, की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बाई, घोटभर पाणी देता का?" घरून भरून घेतलेली बाटली पिशवीत असायची, ती संध्याकाळी भरलेली तशीच परत यायची. जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात. तिथे जाऊन दुसऱ्याचं पाणी मागायचं म्हणजे कमालच! माझे वडील चिडायचे. "अक्का, लोकांना प्यायला पाणी न्हाई आणि तू मागत काय फिरतीस?" त्यावर आत्या शांतपणे म्हणायची, "द्यायला सगळेच जात्यात रं त्यांच्याकडं. मागायला कोण जातंय?"

आत्या बायबलबाई होती. पायी गावोगाव फिरायचं, बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची, असं तिचं काम. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या माणसांना अशा बाया आठवत असतील. आता त्या राहिल्या नाहीत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि एकाच वाक्यात मराठी-कानडी दोन्ही. खरं सांगायचं तर उपदेश तिला फारसा जमायचाच नाही. गोष्ट सांगता सांगता समोरच्या बाईच्या शेळीची चौकशी सुरू व्हायची आणि गोष्ट राहून जायची. "आज काय सांगितलंस?" असं पाळकांनी विचारलं, की ही म्हणायची, "आज ऐकलं."

एका घराचा मात्र तिला सल होता. माळावरच्या वस्तीतली कल्लव्वा. ती आत्याला कधी नाही म्हणाली नाही, पण आत्याला अंगणात बसवून वरून तांब्याने धार धरायची आणि आत्या ओंजळीने प्यायची. आम्ही मूळचे कोण, हे कल्लव्वाला ठाऊक होतं. इतर घरांतून हळूहळू पेला हातात आला, काही घरांत चहाही मिळाला. कल्लव्वाची धार काही खाली आली नाही. तिच्या बाळंतपणात आत्या रात्रभर बसली होती, तिच्या सासूला पाठीवरून दवाखान्यात नेलं होतं, तरीही. मला या गोष्टीचा भयंकर संताप यायचा. "जाऊच नकोस तिच्याकडे," मी म्हणायची. आत्या म्हणायची, "वतती की गं ती. एक दिवस तांब्या हातात दील. तवर जायाचं."

मग आत्याच्या किडन्या गेल्या. वडिलांनी तिला जतहून सांगलीला, आमच्या विश्रामबागच्या घरी आणलं. मी नर्सिंगला होते, त्यामुळे तिला डायलिसिसला न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तिला आता पाणी मोजून. आई रोज सकाळी एक छोटी बाटली भरून तिच्या उशाशी ठेवायची, तेवढ्यातच दिवस काढायचा. जास्त पाणी पोटात गेलं की छातीत भरायचं, धाप लागायची. दारोदार पाणी पिऊन आलेली ही बाई पेल्यात एकेक घोट ओतून घ्यायची आणि तोंडात घोळवत बसायची. मला बघवायचं नाही. पण कुरकुर म्हणून नाही. फक्त एकदा म्हणाली, "एवढं सगळ्यांचं प्याले, आन् कल्लव्वाचं ऱ्हायलं बघ."

त्याच उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या तरुण संघातून काही विद्यार्थी आफ्रिकेत, मलावीला सेवेसाठी जायचे होते. माझं नाव निघालं. मी साफ नाही म्हणाले. आत्याला डायलिसिसला कोण नेणार? आत्याला हे कळलं आणि ती अशी काही भडकली की विचारू नका! "माझ्या नावावर घरात बसायचं न्हाई. मी जतच्या पलीकडं विजापूर बघितलं, बास. तू जा." मग जरा निवळून म्हणाली, "तू येऊस्तवर मी हाय. आलीस की मला कल्लव्वाकडं न्यायचं. एवढं कर." मी तिला शब्द दिला. निघताना तिने आमच्या मंडळीच्या रीतीने सलाम केला आणि कानाशी येऊन बजावलं, "गेल्या गेल्या वाटत सुटू नगंस काय. आधी पाणी माग."

तिथे मे महिन्यात थंडी होती. आम्ही दवाखान्यात पट्ट्या बांधायचो, पोरांना गाणी शिकवायचो आणि आमच्या तुकडीच्या प्रमुखांनी सक्त ताकीद दिली होती, बाटलीबंद पाण्याशिवाय थेंब प्यायचा नाही. पहिल्याच घरभेटीत मी काय करावं? हात ओंजळीसारखे करून पाणी मागितलं. आत्याची भाची शेवटी! घरातली बाई बावरली, कळशी घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. हापसा लांब होता, हे मला मागून कळलं. प्लास्टिकचा पेला दोन्ही हातांत धरून तिने माझ्यापुढे गुडघे टेकले. पाहुण्याला पाणी देताना तिथल्या बायका गुडघे टेकतात, तशी रीतच आहे. माझ्या डोळ्यांपुढे कल्लव्वाचं अंगण आलं, वरून पडणारी धार आली, आणि मला रडूच कोसळलं. मी ते पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी पोट असं बिघडलं की ताप चढला आणि मी दवाखान्यातच आडवी. सेवा करायला गेलेली मी, आणि तीच बाई रोज पेज घेऊन माझ्या उशाशी येऊन बसायची. प्रमुखांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

फोनवर आत्याला हे सांगितलं तर आधी ती खो खो हसली. मग धाप लागली म्हणून थांबली. "पण प्यालीस न्हवं?" म्हणाली. "हो." "मग झालं." तिच्या आवाजात पाणी भरल्यासारखं काहीतरी घरघरत होतं. मी नर्स होणार होते, मला ते काय आहे हे कळत होतं. उरलेले दिवस मी तिथे फक्त शरीराने होते.

परत आले तेव्हा दारात उभी असलेली आत्या मी पटकन ओळखलीच नाही, एवढी ती वाळली होती. पाय मात्र सुजलेले. रविवारी उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे तिथला अनुभव सांगायला, उभं केलं. लोकांना तिथल्या मोठमोठ्या सभांची वर्णनं हवी होती, किती जणांनी प्रभूला स्वीकारलं ते ऐकायचं होतं. मी पाण्याची आणि पेजेची गोष्ट सांगितली आणि खाली बसले. "एवढ्या लांब जाऊन पोट बिघडवून आली," असं मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं. पहिल्या बाकावर आत्या पदराने डोळे पुसत होती. बाहेर पडताना तिने माझा हात घट्ट धरला. "आता कल्लव्वाकडं कवा?"

वडील नको म्हणत होते. मी शेजाऱ्यांची गाडी ड्रायव्हरसकट मागून घेतली. जतच्या माळावर जून अर्धा उलटला तरी ढगाचा पत्ता नव्हता. कल्लव्वा ओसरीत बसली होती. डोळ्यांनी अधू, पण आवाज ओळखला तिने. आत्या सवयीने अंगणातच टेकायला लागली. "तितं न्हवं यव्वा, वर बा, वर ये," कल्लव्वा म्हणाली आणि आपल्याजवळचं घोंगडं थोपटलं. आत्या वर गेली. मी तिला धरून बसवलं. मग तिने आयुष्यभराचं ते वाक्य म्हटलं, "घोटभर पाणी देता का?" सून पाणी घेऊन आली. कल्लव्वाने तिच्या हातातून तांब्या घेतला, चाचपडत आत्याचे हात शोधले आणि त्यांत ठेवला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिची त्या दिवसाची बाटली वाटेतच संपली होती. मी नुसतं बोटाने खुणावलं, एक घोट. तिने तांब्याला तोंड लावून एकच घोट घेतला, डोळे मिटून कितीतरी वेळ तोंडात धरला आणि गिळला. तांब्या परत केला. "बास?" कल्लव्वाने विचारलं. "डाक्टरनी बंद केलंय गं." सून उष्टं पाणी झाडाला ओतायला हात पुढे करत होती. कल्लव्वाने तांब्या सोडला नाही. "टँकरचं पाणी हाय, वतती कुटं?" असं म्हणून तिने तो आपल्याच तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. दोघी म्हाताऱ्या शेळ्यांच्या गोष्टी बोलत बसल्या.

परतीच्या वाटेवर आत्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. कवठेमहांकाळ मागे पडलं आणि ती म्हणाली, "मला तहान लागलीया गं." लहान मुलासारखं. माझी बाटली मांडीवरच्या पिशवीत होती. पण तिला धाप लागलेलीच होती आणि उद्या डायलिसिस होतं. "उद्या झाल्यावर देते आत्या, हवं तेवढं," मी म्हणाले. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिची बाटली भरून घेऊन गेली, तेव्हा आत्या गेलेली होती.

घरात माणसं जमली होती. बसायला जागा करावी म्हणून मी माझी कालची पिशवी उचलली. जड लागली. आत माझी बाटली होती, भरलेली, तशीच परत आलेली.