पडद्याकडे पाठ

आमच्या टॉकीजच्या खालाने उभ्या आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. जी बाई रोज प्रत्येक खेळाला हजर, तिने सिनेमा पाहिला नाही म्हणजे काय? तर नाही पाहिला. दारव्ह्याच्या आमच्या टॉकीजमध्ये बायकांचं दार पडद्याच्या अगदी बाजूला होतं. त्या दाराशी लोखंडी स्टूल टाकून खाला, साऱ्या टॉकीजची मावशी, बसायची, पडद्याकडे पाठ आणि बायकांकडे तोंड करून. कोणी टवाळ पुरुषांच्या बाजूने इकडे सरकतो का, कोणाचं लेकरू खुर्च्यांखाली घुसतं का, हे पाहायचं तिचं काम. पहिल्या दिवशी अशी बसली, ती बसलीच. मागे तलवारी खणखणोत नाहीतर नायिका दरीत पडो, खालाची मान काही वळायची नाही.

मी एकदा विचारलं, "खाला, तुम्हाला पाहावंसं वाटत नाही का हो?"

"पिक्चर तं आठ दिवस तोच राह्यते, सूनबाई," ती म्हणाली. "माणसं हर खेळाले नवे येतात. मंग मी कोणाले पाहाचं?"

मी उमरखेडची. लग्न होऊन टॉकीजवाल्यांच्या घरात पडले. मालक म्हणजे माझे सासरे, मामाजी. त्यांनी सुनेची हळद निघायच्या आत तिला बायकांच्या तिकीटखिडकीवर बसवलं. पहिल्याच आठवड्यात मी खिडकी बंद करून आत जाऊन सिनेमा पाहिला. खेळ सुटल्यावर खालाने माझा हात धरला. "माहेर दूर हाय वाटते तुमचं. पोरीची बिदाई तं मंग झाली, तुम्ही नुसतं 'पेटी भरा' आयकलं तवाच रडल्या." मेली! माझ्या नवऱ्यालासुद्धा जे कळलं नव्हतं, ते हिने अंधारात टिपलं होतं. त्या दिवसापासून मी तिची झाले.

तिची परीक्षा शेंगांवर चाले. आमच्याकडे सिनेमा आणि भाजलेल्या शेंगा एकत्रच घ्यायच्या असतात. खाला टरफलांच्या आवाजाकडे कान देऊन बसे. "शेंगा फोडणं थांबलं की समजाचं, पिक्चर लागला. चालूच राह्यलं की समजाचं, पिक्चर गेला, शेंगा बऱ्या हायेत." पहिला खेळ सुटला की मामाजी स्वतः बाहेर येऊन विचारत, "खाला, किती चालंन?" ती सांगे तितकाच तो चाले. मोठमोठ्या नटांचे सिनेमे तिने एका वाक्यात घरी पाठवले. "पोरं शिट्ट्या मारून राह्यले, पण बाया जांभया देऊन राह्यल्या. शेटजी, डबे परत बांधा."

खालाचं दुसरं काम म्हणजे दार उघडणं. शेवटची मारामारी संपून नायक-नायिका हसले, की ती मागे न पाहताच कडी काढायची. तिकडे ऑपरेटर मशीन बंद करायचा. शेवटी जी नावं वर सरकत जातात ना, ती आमच्या टॉकीजमध्ये कधीच कोणी पाहिली नाहीत. लोकांना बोरी अरबची जीप गाठायची असे. "नावं कोण पाहाते? आपल्याले का त्याईच्या घरी पोरगी द्याची हाय?" असं खाला म्हणायची आणि दोन्ही फळ्या सताड उघडायची.

तिची स्वतःची पोरगी म्हणजे नसीम. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ही पोर टॉकीजच्या आवारातच वाढली. जुन्या पोस्टरांची मागची कोरी बाजू हा तिचा कागद. त्यावर बकऱ्या, टांगे, ऑपरेटरच्या मिशा, सगळं काढायची. एकदा मामाजींचं पोट काढलं आणि ते इतकं हुबेहूब होतं की मामाजींनी पोस्टर जप्त केलं. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी तिला पुढे शिकायला लावलं आणि शिकता शिकता ती हैदराबादला कॉम्प्युटरवर चित्रांचे सिनेमे बनवतात तिथे लागली. झालं! नातेवाइकांनी खालाला सळो की पळो करून सोडलं. टॉकीजवालीची पोरगी आता कार्टून काढते म्हणे. एकटी राहते म्हणे. आईने हाताने पोरीची माती केली म्हणे. खाला कोणाला उलट बोलली नाही. पण एकदा माझ्यापाशी बोलली. "हे लोक म्हणतात ते खरं का खोटं, मले समजत नाही बाई. तिचं काम मी कधी पाह्यलं नाही. पाहून बी मले का समजणार?"

ती वर्षं आमच्या जिल्ह्याची वाईटच होती. कापसाला भाव नव्हता, आणि कापूस विकला की सिनेमा हा आमच्याकडचा रिवाज. लोक येईनासे झाले. आले तरी कोणी हसेना, कोणी शिट्टी मारेना. "पाहून नाही राह्यले, सूनबाई," खाला म्हणायची, "पडद्याकडे तोंड करून नुसते बसून राह्यले." शेंगावाला तर दारातून उठून भाजीबाजारात गेला. मग खालाने परीक्षा घ्यायची ती कशावर?

आणि अशात एक दिवस नसीमचा फोन आला. त्यांचा सिनेमा तयार झाला होता. एका तरुण राणीची जुन्या काळची गोष्ट, किल्ल्याला वेढा, घोडदळ, तोफा, आणि सगळं हाताने आणि कॉम्प्युटरने काढलेलं. आपल्या देशात एवढा मोठा चित्रांचा लढाईपट कोणी केला नव्हता, असं ती सांगत होती. खालाने एकच विचारलं, "उसमें तू क्या बनाई?"

"धूल, अम्मी. घोडे-बैल दौडते ना, तो जो धूल उडती, वो मैं बनाई."

खाला फोन ठेवून माझ्याकडे पाहतच राहिली. "धूळ काढाले पोरगी हैदराबादले गेली?" आणि मग आम्ही दोघी जी हसलो, की खिडकीवरचं गिऱ्हाईक चिडलं. हसणं ओसरल्यावर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "शेटजीले सांगा, तो पिक्चर लावा म्हणाव. पोरगी कामाची निघाली का वाया गेली, मले लोकाईच्या तोंडावर पाहाचं हाय."

मामाजींना मी कसं पटवलं ते माझं मला माहीत. शुक्रवारी सिनेमा लागला आणि पहिल्याच खेळाला पंचाईत. एक जण खिडकीत डोकं घालून विचारतो, "हिरो कोण हाय?" मी म्हटलं, चित्र आहे. "माणूस खोटा, तं तिकीट खरं कायले?" दुसरा पोस्टर पाहून म्हणाला, "हे तं लेकराईचं हाय," आणि लेकरांना घेऊन निघून गेला. आत बसलेल्या मोजक्या टाळक्यांनी राणी घोड्यावर चढली की खिदळायचं ठरवूनच टाकलं होतं. खेळ सुटल्यावर मामाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "खाला, किती चालंन?" आणि खाला पहिल्यांदाच म्हणाली, "माहीत नाही, शेटजी." तिचा चेहरा एवढुसा झाला होता. मामाजी मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, बाजाराच्या दिवसापर्यंत ठेवतो. त्या दिवशीही असंच झालं तर डबे परत.

बाजाराच्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. आसपासच्या लमाण तांड्यांवरच्या बाया बाजार करून जिपा भरायची वाट पाहत टॉकीजच्या भिंतीच्या सावलीला टेकल्या होत्या. खाला स्टुलावरून उठली, फाटकाबाहेर गेली आणि तिने चक्क हाक मारली. जिने कधी कोणाला 'या' म्हटलं नव्हतं, ती रस्त्यात उभी राहून ओरडत होती, "या वो बायाहो, आत पंखे हायेत! अन लदेणीचे बैल हायेत, तुमच्या बापजाद्याईचे!" नसीमने तिला फोनवर तेवढी गोष्ट सांगून ठेवली होती. राणीच्या उपाशी किल्ल्यात धान्य पोचवतात ते लमाणच, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून, तीच लदेणी. बायकांमध्ये एक म्हातारी होती, सोनी याडी. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि ही साऱ्या तांड्याचीच याडी होती. तिने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आमचे बैल पिक्चरमंधी? दाखव बरं." ती निघाली, तशा मागून साऱ्या निघाल्या. बायका आत गेल्या म्हणून त्यांचे पुरुषही कुरकुरत पलीकडच्या दाराने शिरले.

मी खिडकी लावून आत गेले आणि खालाच्या स्टुलाशी भिंतीला टेकले. त्या दिवशी पडद्याकडे थोडं आणि लोकांकडे जास्त पाहिलं. सुरुवातीला तसंच. हे रंगवलेले लोक आपले कोण, असा सगळ्यांचा चेहरा. मग राणीचा घोडा बाणाने पडला, आणि पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला, "अर्रर्र!" लगेच शेजारचा म्हणाला, "काहून रे, चित्र तं हाय." पहिला म्हणाला, "हो नं बाप्पा, मंग मले वाईट काहून वाटून राह्यलं?" सगळे हसले, पण ते शुक्रवारचं खिदळणं नव्हतं. खालाने माझ्या पायाला हळूच कोपर लावलं.

मग लदेणी निघाली. पहाटेच्या उजेडात डोंगराआडून शेकडो बैल, गळ्यात घुंगरं, शिंगांना कवड्या. मागून शत्रूचे स्वार लागले तशी ती सगळी गुरं उधळली, आणि धूळ उठली. काय धूळ होती ती! आधी खुरांशी पिवळसर, मग बैलांच्या पोटापर्यंत, मग सगळा पडदाच भरून आमच्या अंगावर चालून आली. आमच्या बोरीच्या रस्त्यावर उन्हाळ्यात उडतो ना, अगदी तोच फुफाटा.

आणि बायकांच्या बाजूला सोनी याडीने झटक्यात ओढणी नाकावर ओढली. तिच्या शेजारणीने ओढली. मागच्या ओळीने पदर ओढले. एकीने तान्ह्याचं तोंड झाकलं. पलीकडे पुरुषांनी दुपट्टे तोंडाला लावले, एक जण तर खरोखर खोकला. पंख्याखाली बसलेली ती सगळी माणसं नुसत्या चित्राच्या धुळीपासून नाकं वाचवत होती, आणि कोणाच्या ते ध्यानातही नव्हतं.

खाला पुढे वाकली. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर फिरत गेली. "सूनबाई," ती कुजबुजली, "धूळ उडाली का वो?"

"उडाली, खाला."

तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "जा. वर जा. त्याले सांग, नावं बंद करू नको."

मी जिन्यावरून धावत केबिनमध्ये गेले. ऑपरेटर म्हणाला, "नावं? कायले?" मी म्हटलं, मशीनला हात लावलास तर तुझ्या मिशा नसीमकडून पुन्हा काढून घेईन आणि चौकात लावीन. खाली आले तेव्हा धान्य किल्ल्यात पोचलं होतं, बाया ओरडून गात होत्या, पुरुष खुर्च्या बडवत होते. राणी हसली. लोक उठले. आणि खाला दाराला पाठ लावून, दोन्ही हात फळ्यांवर पसरून उभी.

"दार उघड वो खाला, जीप जाईन!"

"जाऊ द्या. बसा खाली. नावं हायेत."

"कोणाचे नावं?"

"बसा म्हटलं नं!"

बायका बसल्या, तसे त्यांचे पुरुषही बसले. नावं वर सरकू लागली, इंग्रजीत, बारीक बारीक. खालाला उर्दू वाचता येई, इंग्रजी नाही. मी पडद्याला नाक लावल्यासारखी उभी राहून मोठ्याने वाचत होते. घोडेवाले झाले, आगवाले झाले, आणि मी किंचाळलेच, "नसीम! ही बघा नसीम! आपल्या खालाची नसीम, धूळ हिने काढली!"

सोनी याडी ओढणी नाकावरून खाली घेत म्हणाली, "ते धूळ खालाच्या पोरीची व्हय?" आणि तिने टाळी वाजवली. मग काय विचारता! अख्खं टॉकीज उभं राहिलं. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या न वाजलेल्या शिट्ट्या त्या दिवशी एकदम वाजल्या.

खाला तशीच पडद्याकडे पाठ करून उभी. मी ओरडले, "अहो खाला, मागे वळा ना! नाव जाईल!"

"काहून?" ती म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "पाहून तं राह्यले."

संध्याकाळी नसीमचा फोन आला. खालाने तिला ना गोष्टीचं विचारलं, ना राणीचं. एवढंच म्हणाली, "बेटा, तेरी धूल लोगां के नाक में गई." पलीकडे पोर किती वेळ रडत होती आणि इकडे ही हसत होती. मामाजींनी बाहेरूनच विचारलं, "खाला, किती चालंन?" खाला म्हणाली, "आता मी नाही सांगत शेटजी, शेंगावाल्याले बोलवा."

पुढे टॉकीज बंदच झालं. व्हायचंच होतं. नसीमने हैदराबादला घर घेतलं आणि आईला न्यायला आली. निघताना खालाने ते लोखंडी स्टूल माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. अजून आहे. जिपेत पुढची चांगली जागा सोडून ती मागच्या उघड्या बाजूला बसली, आमच्याकडे तोंड करून. नसीम म्हणाली, "अम्मी, आगे बैठो ना, रास्ता दिखेगा." ती कसली ऐकते!

मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. जीप निघाली, आणि चाकांखालून असा फुफाटा उठला की मी झटक्यात पदर नाकावर ओढला. धुळीतून मला दिसलं, खाला लेकीला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होती आणि पोट धरून हसत होती.