सावकाश जाणारा उजेड

“अहो, मेन! आधी मेन बंद करा! त्या बटणापायी जीव द्यायचाय का?”

वहिनी स्वयंपाकघरातून अशा ओरडल्या की पैठणच्या धरणावरचे बगळे उडाले असतील. इकडं बैठकीत आमचा मधुकर स्टुलावर उभा, टेस्टर दातात धरलेला, भिंतीतल्या बोर्डातून वायरी बाहेर लोंबलेल्या, आणि मी खाली स्टूल धरून. वाळूजच्या कारखान्यात आम्ही दोघांनी सारी हयात काढली. तिथं हा मशीनला हात लावायच्या आधी दहादा खात्री करायचा. घरी मात्र बादशहा! दातातला टेस्टर न काढताच त्यानं मला खूण केली, जा, कर बंद. मी मेन खाली केलं, पंखा थांबला, आणि वहिनी आतून म्हणाल्या, “आता मरा खुशाल.”

मधुकर त्या दिवशी मेला नाही. तो गेला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, आपल्या खुर्चीत, हृदय थांबून. बातमी आली तेव्हा मी फुलंब्रीला मेहुण्याच्या शेतावर लोकांना गोष्ट सांगत होतो. मधुकरच्या जावयाचा फोन आला, “नाना, बाबा गेले.” आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट अर्ध्यात सोडली... ती काय होती, हेही आता आठवत नाही. माझ्या गोष्टींचं सांगायचं तर, “नानाच्या बोलण्यातलं निम्मं वजा करा, उरलेल्याला निम्म्यानं भागा,” असं मधुकरच गावभर सांगत फिरायचा.

त्या बटणाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते रिटायर झाल्यावर. कारखान्यात दिवे लागायचे खटकन आणि जायचे खटकन. त्याचा त्याला मनापासून तिटकारा. म्हणायचा, “नाना, उजेड असा एकदम गेलेला मला नाय चालत. आपल्याकडं पाव्हणा कसा जातो? ‘येतो’ म्हणून उठतो, परत टेकतो, चपला घालतो, दारात बोलतो, फाटकापाशी पुन्हा थांबतो. उजेडानंबी तसंच जावं.” आता हे त्यानं बोलावं! आमच्या फाटकात एकदा तो “येतो” म्हणून उभा राहिला, ते बोलणं संपेतो समोरच्या प्लॉटवर दोन मजले चढले आणि वरच्या मजल्यावर भाडेकरूसुद्धा आला. “जातो” हा शब्द तर त्याच्या तोंडी कधी आलाच नाही.

तर गुलमंडीच्या बाजारातून डिमर आणला. दिवा कमीजास्त करायचं गोल बटण, पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच. ते जुन्या बोर्डात बसेना, म्हणून यानं छिन्नी हातोडा घेतला आणि भिंतीला असं भगदाड पाडलं की पलीकडच्या बिऱ्हाडाची मालिका आम्हाला फुकटात दिसली असती. बसलं एकदाचं. मेन चालू केलं तर बल्ब वरातीतल्या रोषणाईसारखा लुकलुकायला लागला. बल्ब साधा एलईडी, मंद होणारा नव्हे. पुन्हा गुलमंडी, पुन्हा वहिनींकडून उद्धार. दुसरा बल्ब लावला आणि मधुकरनं बटण हळूहळू फिरवलं... भिंती पिवळ्या झाल्या, मग तांबूस, मग कोपरे एकेक करून निघून गेले. शेवटी बल्बाच्या पोटात तेवढी एक ठिणगी राहिली. तिथंच त्यानं हात थांबवला. शेवटचं ‘टक्’ तो कधीच करायचा नाही. “फाटकापाशी उभाय, उभा राहू दे,” म्हणायचा.

वहिनींना हा प्रकार मुळीच आवडला नाही. “घरात राहता का लेण्यात? वेरूळला एखादी रिकामी असंल तर बघा जाऊन!” तो हसायचा, उठून हात उंच करून बटण आणखी थोडं फिरवायचा आणि पुन्हा खुर्चीत मागं रेलायचा.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. वहिनी देवळातून आल्या. बैठकीत ठिणगीएवढा उजेड, खुर्चीत मधुकर. झोपला असेल म्हणून त्या पाऊल न वाजवता आत गेल्या, भाकरी थापल्या. जेवायला हाक मारली तेव्हा... डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले असतील, कुणाला काही करता आलं नसतं. वहिनींच्या मनात ते उतरेना. दिवस झाले, पाहुणे पांगले, तरी एकच वाक्य. “भाऊजी, लख्ख उजेड असता तर मला त्यांचं तोंड दिसलं असतं. मी समोरून गेले अन् ते एकटेच अंधारात गेले.” मग गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. “ते बटण काढा. साधं बसवा. ते दिसलं की मला जेवण जात नाही.”

दिवेलागणीला गेलो. खुर्ची होती तिथंच. बल्बात ठिणगी होती. मी स्टुलावर चढलो, बटण उलटं फिरवलं, आणि मधुकरनं कधी न केलेलं ते ‘टक्’ केलं.

ठिणगी गेली नाही.

“मेन बंद करा आधी,” वहिनी दारातून म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत. मी उतरून मेन खाली केलं. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. पुन्हा चढून बटण उघडलं, वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही, वायरीत वीज नव्हतीच. बल्ब मात्र... वाचकहो, इथलं काही वजा करू नका, कशानंही भागू नका. बल्ब हळूहळू वाढला. तांबूस झाला, पिवळा झाला, खुर्चीची पाठ दिसली, बसून बसून पडलेला उशीतला खड्डा दिसला, वहिनींचं तोंड दिसलं. मग तितक्याच सावकाश उतरत खाली आला आणि ठिणगीवर थांबला.

“इन्व्हर्टरवर असंल,” मी म्हणालो.

“इन्व्हर्टर जावयांनी नेला. तेराव्यानंतर.”

मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसाच स्टुलावर. मला घरचा रस्ता आठवेना. वहिनी आत आल्या, खुर्चीतली उशी काढली, झटकली, पुन्हा जागेवर ठेवली.

“वहिनी... हे असं कधीपासून?”

“राहू द्या ते बटण, भाऊजी. यांना निघायला वेळच लागतो.”