बेंबीजवळचा डाग
शेजारी कुणी बिब्बा तापवला, की त्या करपट वासानं मला आजही ती दुपार आठवते. कळमनुरीत आमच्या घरी दत्तक लेकरू आलं होतं, पण दत्तकाचा पक्का हुकूम यायचा होता. तोवर संस्थेच्या लोकांना पोरीला कधीही परत नेता आलं असतं. सासूबाईंनी तर तिला मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. एका दुपारी मी नि नवरा शेतातून आलो, तर घरभर तोच वास, आणि लेकराच्या बेंबीभोवती बिब्ब्याच्या तेलाचे काळे ठिपके, कातडी लालभडक. तेवढ्यात दारात जीप थांबली. संस्थेच्या तपासणीच्या मॅडमनी झबलं वर केलं. "लेकराला चटके कुणी दिले?" आता नेतात हिला, एवढंच मला कळत होतं. सासूबाई पुढं झाल्या. "म्या लावला बिब्बा. पोट दुखून लय रडून राहिलं व्हतं. घरच्या लेकराला न्हाई तर कुणाला लावू?" असं म्हणत त्यांनी माझ्या नवऱ्याचा शर्टच वर केला. त्याच्याही बेंबीजवळ तसाच जुना डाग होता. मॅडम खूप रागावल्या, "पुन्हा असलं करू नका" म्हणाल्या, आणि लेकरू माझ्या हातात देऊन गेल्या. पोरगी आता शाळेत जाते. तरी दारात गाडी थांबली, की माझा हात आधी तिचा फ्रॉक खाली ओढतो.