दिनकर साळवेचा तिरपा

दिनकर गेल्याचं मला सोळा-सतरा दिवसांनी कळलं, तेही चहाच्या टपरीवर. तो ज्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा तिथला जुना डोअरकीपर कप खाली ठेवत सहज म्हणाला, "आपला साळवे ऑपरेटर गेला की. तुम्हाला म्हाईत नाय?" नव्हतं माहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. मी गंगापूर रोडला राहतो, दिनकरचं घर तिथून सायकलवर पंधरा मिनिटांचं, आणि इतक्या वर्षांत मी त्या रस्त्याला एकदाही लागलो नव्हतो. कोणी कळवलं नाही याचा मला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण मला का कळवलं नाही ते मी चांगलंच जाणून होतो.

सत्तरच्या दशकात नाशिकला रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. एकदा ऐन गोळीबारात फिल्म तुटली, शिट्ट्या सुरू झाल्या आणि मी तावातावाने जिना चढून प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये घुसलो. आत माझ्याच वयाचा एक काळासावळा, शांत मुलगा ब्लेडने फिल्मचं टोक कापत बसला होता. वर न बघता म्हणाला, "दोन मिनिटं थांब. घाईत जोडलं तर पडद्यावर उडी दिसंल. बस तिथं." त्या स्टुलावर मग मी पुढची आठ-नऊ वर्षं दर रविवारी बसलो. दिनकरचा एकच नियम होता. फिल्म तुटली की खराब झालेल्या तेवढ्याच चौकटी काढायच्या, चांगली एकही नाही, आणि सांधा असा द्यायचा की खाली बसलेल्याला कळता कामा नये.

तिरपा म्हणजे आमचा अमेरिकन नट. टोपी तिरपी घालायचा म्हणून नाशिकच्या पब्लिकने त्याला दिलेलं हे नाव. त्याचं खरं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी घालवून बसलो आहे. नाशिकला प्रिंटा यायच्या जुन्या, घासलेल्या आणि वाटेल त्या क्रमाने. त्यामुळे तिरपा आम्हाला आधी भेटला तो म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, पहिल्याच पिक्चरमध्ये गोळी लागून मेलेला. पुढच्या वर्षी आला तो पंचविशीचा, आणि मग मधेच टक्कल पडलेला. बाकीचे हसून सोडून द्यायचे, दिनकरला मात्र ते सहन होईना. "माणसाचं आयुष्य असं कसं उलटंसुलटं? ओळीत लावलं पाहिजे," तो म्हणाला.

आणि त्याने खरंच लावलं. तुटलेल्या फिल्ममधून काढलेल्या चौकटीत तिरपा असला की ती बिस्किटाच्या डब्यात जायची. रद्दीतून आणलेली इंग्रजी मासिकं तो डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचा. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेला माणूस! एका रविवारी चौकट उजेडात धरून म्हणाला, "करंगळी बघ. या पिक्चरपासून डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाय. घोड्यावरून पडलाय हा." मासिकातून पुढे उलगडलं, की तिरपा आधी कित्येक वर्षं दुसऱ्या हीरोंच्या जागी घोड्यावरून पडायचं काम करत होता. पडायचा हा, आणि चेहरा दिसायचा हीरोचा. पिक्चरच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांच्या पाट्यांमध्ये याचं नाव नाही. मग कुठे छोट्या भूमिका, दोनदा मुख्य भूमिका, मग दारू, शेवटी टीव्हीवरचा म्हातारा न्यायाधीश. दिनकर हे सगळं सांगायचा ते एखाद्या सख्ख्या काकाबद्दल सांगावं तसं.

पुढे मी इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत लागलो. ऐंशीनंतर एके दिवशी टेलिप्रिंटरवर दोन ओळींची बातमी आली, तिरपा गेला. मी दिनकरला सांगायला गेलो. तिसऱ्या दिवशी तो वहीच्या अकरा पानांवर लेख घेऊन आला. मी वाचला आणि मला त्याचा हेवा वाटला, हे आज लपवून काय उपयोग? त्यातल्यासारखं एक वाक्यही मला कधी लिहिता आलं नव्हतं आणि पुढेही आलं नाही. "माझं नाव येईल ना रे?" त्याने दारातून विचारलं. "म्हणजे काय!" मी म्हणालो.

संपादकांनी लेख वाचला, खुश झाले, मग शेवटी नाव पाहिलं. "साळवे? तो ऑपरेटर ना? अहो, वाचक विचारतील कोण हा. सिनेमाचं सदर तुमचं आहे, तुमच्याच नावाने जाऊ द्या." त्या "कोण हा"मध्ये काय काय होतं ते मला कळत होतं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की मग लेखच नको. मी "बरं" म्हणालो. वर दोन ठिकाणी भाषा 'सुधारली'. रविवारी लेख आला. लोकांनी मला रस्त्यात थांबवून शाबासकी दिली, व्याख्यानाला बोलावलं, आणि मी गेलो! ज्याला कित्येक वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली पडावं लागलं त्याची गोष्ट मी ऐटीत सांगत फिरलो. त्या सोमवारी केबिनमध्ये गेलो तेव्हा दिनकर एवढंच म्हणाला, "करंगळी डावी होती. तू उजवी केलीस." स्टूल जागेवर नव्हतं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि जिना उतरलो. माफी मागायला नंतर किती वर्षं होती, पण मी नोकरी, संसार, वेळ नाही असली कारणं पुढे करत राहिलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

टपरीवरून तसाच त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दारात "जयभीम" केला आणि आत बसवलं. मी दिनकरवर लिहिणार आहे, असं चाचरत सांगितलं. त्या आत जाऊन बिस्किटाचा डबा घेऊन आल्या. लहान लहान पाकिटांत चौकटी, पंचविशीपासून पांढऱ्या मिशांपर्यंत ओळीने. सगळ्यात खाली तो छापून आलेला लेख, घडी घालून ठेवलेला. मी उलगडला. वर शीर्षक, खाली लगेच मजकूर. माझं नाव जिथे छापलं होतं तेवढी पट्टी ब्लेडने काढलेली, मागून पातळ कागद लावून दोन्ही कडा एकमेकींना भिडवलेल्या. त्याने स्वतःचं नावही तिथे लिहिलं नव्हतं. खराब झालेलं तेवढंच काढलं होतं. बोट फिरवूनही सांधा लागत नव्हता.

डब्याच्या कोपऱ्यात ब्लेड होतं, कागदात गुंडाळलेलं. आठवण म्हणून हे नेऊ का, मी विचारलं. वहिनींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि डब्यात परत ठेवलं.

"ते ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमचा लेख छापून येणार ना... लागंल मला."