शून्य नंबरची तालीम

कोल्हापुरातल्या पहिल्याच आठवड्यात मला जो प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर मी तिथं होतो तोवर मला नीट देता आलं नाही. शिवाजी पेठेतल्या दूध कट्ट्यावर उभा होतो. समोर म्हैस पिळली जात होती. फेसानं भरलेला ग्लास हातात देत दूधवाल्यानं विचारलं, "पावणं, कुठल्या तालमीचं?"

मी म्हणालो, "जळगावचा."

"गाव न्हाय इचारलं. तालीम इचारली की!"

तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, एवढंच मला ठाऊक होतं. इथं तालीम म्हणजे माणसाचा पत्ता. पेठेतलं पोर जन्मल्यापासून कुठल्या ना कुठल्या तालमीचं असतं, मग त्यानं आयुष्यात एक जोर काढलेला नसला तरी चालतं. तालमीचा गणपती, मोहरमात तालमीचा पंजा, तालमीची फुटबॉलची टीम, आणि मयताला खांदा द्यायलाही तालमीचीच माणसं. मी दूध संपवलं, पैसे दिले आणि खोलीवर गेलो. राग आला होता. कोणावर, ते कळत नव्हतं.

एका फौंड्रीत विजेच्या देखभालीची नोकरी होती. शाहूपुरीत माडीवर खोली होती. घरमालकांचा फोन खाली होता आणि भाडेकरूंचे फोन आले की ते जिन्यातून हाक मारायचे. माझ्या नावानं हाक यायची नाही. आई गेल्यावर जळगावात मला फोन करील असं कोणी उरलं नव्हतं, आणि कोल्हापुरात अजून झालं नव्हतं. संध्याकाळी सहा ते दहा हे चार तास मला खायला उठायचे.

फौंड्रीत एकदा रक्तदानाचं शिबिर झालं. तिथं कळलं की माझं रक्त बी निगेटिव्ह आहे. शिबिर घेणारे डॉक्टर म्हणाले, "जपून राहा हो. तुमच्यासारखी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत इथं." इतक्या मायेनं मला बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. मी फॉर्म भरला. तालमीच्या रकान्यात रेघ ओढली.

डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारच्या खोलीत रक्तदात्यांची यादी असायची. यादी कसली, दोनशेच्या आसपास फॉर्मांचा गठ्ठा. कोणाला रक्त लागलं की तिथली कारकून बाई गठ्ठा उपसत बसायची. अमका गट, गेल्या तीन महिन्यांत न दिलेला, असा माणूस सापडेपर्यंत नातेवाईक दारात येरझारा घालायचे. माणूस सापडला की त्याच्या तालमीजवळच्या फोनवर, म्हणजे कुठल्या चहाच्या नाहीतर औषधाच्या दुकानात, निरोप जायचा. मग दहा मिनिटांत चारजण सायकलवर हजर. एकाला बोलवावं तर चार यायचे.

मी डॉक्टरांना म्हणालो, मी एक यंत्र करून देतो. गटाचं बटण दाबलं की फॉर्मचा नंबर आणि तालमीचा नंबर दिसेल. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. मला ते चार तास कशात तरी घालायचे होते.

पुण्याचा एक वर्गमित्र म्हणाला, "टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर घे, बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहून टाक, दोन दिवसांचं काम." खरंच दोन दिवसांचं होतं. पण त्या कॉम्प्युटरची लाइट गेली की सगळी यादी पुसली जायची, आणि परत कॅसेटवरून भरायला पाच मिनिटं. आमच्याकडे लाइट पाहुणीसारखी यायची. शिवाय बेसिक स्वतःच एवढी जागा अडवून बसायचं की यादीला कोपराच उरायचा. नाकापेक्षा मोती जड. म्हणून मी अवघड वाट धरली. मायक्रोप्रोसेसरचं शिकाऊ किट, चौकटीच्या वह्या, शिसपेन्सिल आणि खोडरबर. प्रोग्रॅमची एकेक आज्ञा हातानं आकड्यात उतरवायची आणि चिपमध्ये भरायची.

यादीसाठी मेमरी होती दोन किलोबाइट. म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस खण, प्रत्येकात एक छोटा आकडा मावणार, मागं बॅटरी, म्हणून लाइट गेली तरी शाबूत. एका माणसाला मी आठ खण दिले. दोन फॉर्म नंबरला, एक गटाला, एक तालमीला, दोन शेवटच्या रक्तदानाच्या महिन्याला आणि वर्षाला, एक वयाला, एक गडबड झाली की ओळखायला. दोनशे चाळीस माणसं बसली, आणि उरलेल्या थोड्या खणांत यंत्रानं आपला संसार करायचा. मी एकेका खणासाठी कोकणातल्या माणसानं नारळासाठी भांडावं तसा स्वतःशीच भांडायचो. कारण चूक महाग होती. चिप पुसायला अतिनील दिवा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. मी चिपा गच्चीवर उन्हात ठेवायचो, घरमालकीणबाईंच्या सांडग्यांशेजारी. आठ दिवसांच्या कडक उन्हात एक चिप पुसली जाई. त्या विचारायच्या, "वाळलं का हो तुमचं?" आणि पावसाळ्यात तर चार महिने चूक दुरुस्त होण्याची आशाच सोडायची.

यंत्राला डबा करून दिला मंगळवार पेठेतल्या चाचांनी. त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. मी चित्र काढून नेलं तर त्यांनी ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात काय ठेवणार? भाकरी?"

"माणसं," मी म्हणालो.

"मग वारा यायला भोकं पायजेत," असं म्हणून त्यांनी बाजूला भोकं पाडली. यंत्र तापायचं, त्यामुळे ती भोकं खरंच लागली. मी अधूनमधून त्यांच्या दुकानात बसायला लागलो. पत्र्यावर हातोडी पडत असताना बोलावं लागत नाही, हे मला सोयीचं होतं. कोल्हापुरात आपला म्हणावा असा एकुलता एक माणूस तो.

यंत्र तयार झालं तेव्हा तपासणीसाठी पहिली नोंद मी माझीच घातली. फॉर्म नंबर एक्केचाळीस, बी निगेटिव्ह, तालीम शून्य. बटण दाबलं. लाल आकड्यांत एक्केचाळीस उमटलं. कोल्हापूरच्या कुठल्यातरी यादीत मी होतो. मला भलताच आनंद झाला, इतका की मी बटण पाच-सहा वेळा दाबलं.

मग मी वाट बघायला लागलो. खोटं कशाला सांगू, बोलावण्याची वाट. सोमवारी फौंड्रीला सुट्टी असायची, तेव्हा मुद्दाम खोलीवर थांबायचो. खाली फोन वाजला की पुस्तक मिटायचो. हाक दुसऱ्याच कोणाला यायची. सहा महिने गेले, वर्ष गेलं, दोन गेली. डॉक्टरांना विचारायचं मनात यायचं, पण स्वतः होऊन कसं विचारायचं? लग्नाला आमंत्रण का नाही म्हणून कोणी विचारायला जातं का? माझ्यावाचून गावाचं अडत नव्हतं. हळूहळू मी डॉक्टरांकडे जाणंही कमी केलं. यंत्र बिनतक्रार चाललं होतं.

त्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारी, कामावरून सुटल्यावर, मी चाचांच्या दुकानात गेलो. हातोडी बंद होती. चाचा भिंतीला टेकून बसले होते, डोळे सुजलेले.

"काय झालं?"

"काल पोरगी गेलीच हुती की," ते म्हणाले. "बाळंतपणात रगत लई गेलं. बी निगेटिव्ह म्हणं. तुमच्या डबड्याला इचारलं, त्ये म्हणालं न्हाय कोण. मिरजंला गाडी पाठवली. चार तास. चार तास मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो हुतो, पावणं."

"आणि आता?"

"हाय. पोरगी हाय, नातू बी हाय. वरच्यानं ठेवलं."

काल सोमवार. मी दिवसभर खोलीत होतो, दवाखान्यापासून सायकलनं सात मिनिटांवर. पाय पसरून पडलो होतो आणि फोन आपला नाही म्हणून कुढत होतो.

"चाचा," मी म्हणालो, "माझं बी निगेटिव्ह आहे."

त्यांनी मान वर केली. आधी त्यांना समजलंच नाही. समजल्यावर ते उठले. मला वाटलं, मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग डबडं न्हाय का म्हणालं?"

"माहीत नाही. माझी नोंद आहे त्यात. दोन वर्षं मी बोलावण्याची वाट बघतोय."

"वाट बघतोय?" चाचांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "दोन वर्सं? एकदा जाऊन इचारायला काय झालं हुतं? रगत द्यायला बी अक्षता लागत्यात व्हय तुमास्नी?"

मी तडक डॉक्टरांच्या खोलीवर गेलो. कारकून बाई कुलूप लावत होत्या, त्यांना थांबवलं. बटण दाबलं. पडदा कोरा. एक्केचाळीस नंबर कुठंच नव्हता. वही काढून मी जमिनीवर बसलो आणि माझ्याच हस्ताक्षरातल्या आज्ञा एकेक करून वाचत गेलो. फार खाली जावं लागलं नाही.

कोणी गाव सोडलं, कोणाला कावीळ झाली, की त्याची नोंद काढावी लागे. काढलेली नोंद ओळखायला खरं तर एक वेगळा खण हवा होता. दोनशे चाळीस माणसांमागं दोनशे चाळीस खण! माझा जीव होईना. तेव्हा मी शक्कल लढवली होती की, ज्याच्या तालमीच्या खणात शून्य, त्याची नोंद काढलेली समजायची. कोल्हापुरात तालीम नसलेला माणूस असतोच कुठं? दर रविवारी यंत्र अशा नोंदी शोधायचं आणि बाकीच्यांना वर सरकवून जागा मोकळी करायचं. वहीत त्या पानावर मी स्वतःला शाबासकी देणारी दुहेरी रेघ मारली होती.

पहिल्याच रविवारी यंत्रानं मला केरात काढलं होतं. मीच शिकवलं होतं तसं.

बाई कंटाळून स्टुलावर बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, फॉर्मांचा गठ्ठा द्या. तालमीच्या रकान्यात रेघ असलेले फॉर्म मी वेगळे काढत गेलो. माझा धरून सहा निघाले. कराडचा एक एसटी कंडक्टर, केरळची एक नर्स, वसतिगृहातले दोन विद्यार्थी, आणि शाहूपुरीतल्या टायपिंगच्या वर्गातल्या एक बाई. सगळे बाहेरचे. कारकून बाईंनी त्या सगळ्यांच्या तालमीच्या जागी इमानानं शून्य दाबलं होतं आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा रविवार येऊन घेऊन गेला होता. एकट्या माझ्यावर अन्याय झाला असता तर मी कुढत तरी बसलो असतो. पण हे पाचजण माझ्या कंजूषपणापायी गेले होते.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पत्रा कापून संपवला. मग म्हणाले, "आमच्या तालमीचा नंबर घाला की तुमास्नी. त्यात काय."

माझे डोळे भरले, लपवत नाही. पण मी म्हणालो, "आणि बाकीचे पाच?"

डॉक्टरांच्या खोलीतल्या भिंतीवर तालमींचे नंबर आणि त्यांच्या फोनची यादी डकवलेली होती. तिच्याखाली मी एक पट्टी चिकटवली. नव्याण्णव नंबर, तालीम नसलेले, आणि पुढं घरमालकांचा फोन, त्यांच्या परवानगीनं. निरोप मी सायकलनं पोचवायचा. यंत्रातलं काही बदलावं लागलं नाही. चिप पुसायला ऊनही लागलं नाही. शून्याऐवजी दोनदा नऊ दाबायचं होतं, एवढीच दुरुस्ती. चाचा म्हणाले, "म्हंजे तुमी वस्ताद झालासा."

पण पुन्हा नोंद घालण्याआधी त्या पाचजणांना विचारणं भाग होतं. अजून इथंच आहात का, अजून देणार का. यावेळी मी वाट बघितली नाही, दारं वाजवत गेलो. कंडक्टरची बदली झाली होती. नर्स हसली आणि हो म्हणाली. पोरांपैकी एक परीक्षा देऊन गावी गेला होता, दुसऱ्यानं मला चहा पाजला.

टायपिंगच्या वर्गातल्या बाई सगळ्यात शेवटी. माझ्या खोलीपासून त्यांचा वर्ग तिसऱ्या गल्लीत होता. दोन वर्षं मी रोज त्या खडखडाटावरून जात होतो. त्या मूळच्या बेळगावच्या, चाळिशीतल्या, वर्गाच्या मागच्याच खोलीत एकट्या राहणाऱ्या. मुलं गेल्यावर त्या यंत्रांवर कापड घालत होत्या. मी दारातच उभं राहून सांगितलं की यादीत चूक झाली होती, माझ्या हातून झाली होती, तुमचं नाव निघून गेलं होतं.

त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

"चूक होती होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझं रक्त चालत नसेल."