चंद्राचा पाठ परत घेताना

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर पॅसिफिक महासागरातून चंद्र बाहेर उडतो आहे, असं मोठं चित्र होतं. वडिलांनीच ते रंगवून घेतलेलं. गरगर फिरणाऱ्या पृथ्वीचा लचका सुटला, त्याचा चंद्र झाला आणि उरलेल्या खड्ड्यात समुद्र भरला, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. गुरुजी चुकत नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत.

आता त्याच शाळेत मी विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी भिंती नव्याने रंगवायचं ठरलं. चित्र पुसावं तर गावात वडिलांची मान खाली, ठेवावं तर मुलांशी खोटेपणा. गावकऱ्यांनी तर बजावलं, गुरुजींच्या चंद्राला हात लावायचा नाही. पंधरा दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड केली आणि शेवटी वडिलांपुढे नवी पुस्तकं ठेवली.

तीन दिवस ते वाचत होते, मधूनमधून माझ्याशी भांडत होते. पृथ्वीने जाता जाता चंद्राला धरून ठेवलं, हे मत त्यांनी फेटाळलं. वाटेने जाणारा पाहुणा असा कुणी कायमचा ठेवून घेतं का, म्हणाले. दोघं शेजारीशेजारी एकत्रच घडले म्हणावं, तर चंद्रात लोखंड इतकं कमी कसं? आणि पॅसिफिकचा तळ चंद्राहून कितीतरी तरुण निघाला, तिथे त्यांचं स्वतःचं मतही अडलं. मग मंगळाएवढा गोळा पृथ्वीवर आदळला, तेव्हा लोखंड आधीच पोटात बुडालेलं होतं, वरवरचा माल उडाला आणि त्याचा चंद्र जमला, हे त्यांनी दोनदा वाचलं. "हे बसतंय," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी ते शाळेत गेले. रंगारी त्यांचाच विद्यार्थी, तो कुंचला उचलेना. तेव्हा वडिलांनीच चित्रावर चुना फिरवला.

मला वाटलं, संपलं. पण शाळेतल्या मुलांचं भागलं, मोठी झालेली राहिली, असं त्यांचं म्हणणं. आठवडी बाजारात ते एकेका जुन्या विद्यार्थ्यापुढे थांबू लागले. नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला जाणाऱ्याला गाठलं, पिठाच्या गिरणीवाल्याला गाठलं. मी लाजून त्यांची बाही ओढत होते. "चंद्र समुद्रमाईन नही निंघना. मन्हं चुकनं," एवढंच ते सांगत. लोक हसून पाया पडत आणि विषय बदलत.

मिरच्या विकायला बसलेल्या एका बाईने मात्र विचारलं, "मंग आते काय शिकाडतस, गुरुजी?"

माझा हात धरून ते तिच्या पोत्यावर टेकले आणि तिला सगळी टक्कर समजावली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मग म्हणाले, "हाई बी पक्कं नही. कोणी म्हनस एकच टक्कर, कोणी म्हनस बऱ्याच. बदलनं ते मी परत ईसन सांगसू."

वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि तिने मान डोलावून बरं म्हटलं.